ग्रॅसिलॅरिया कॉर्टिकाटा : लाल शैवालाचा छेद घेऊन जाती कशी ठरवावी

दिवाळी सरली, समुद्र निवळला की कोकण आणि गोव्याच्या खडपांवर (किनाऱ्यावरच्या कातळांवर) लाल शैवाले दाट उगवू लागतात. त्यांत गडद जांभळट-तांबूस रंगाचे, चपट्या फांद्यांचे, हाताला चिवट लागणारे झुपके ठिकठिकाणी दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याच झुपक्यांना ग्रॅसिलॅरिया कॉर्टिकाटा हे नाव दिले जाते. हे नाव नुसत्या बाह्यरूपावरून देणे धोक्याचे आहे. एकाच जातीचे शैवाल लाटांच्या माऱ्यात खुजे व दाट वाढते आणि निवाऱ्याच्या डबक्यात लांब व विरळ वाढते. उलट, नात्याने एकमेकांपासून दूर असलेली दोन-तीन शैवाले खडपावर शेजारीशेजारी, ओळखू येऊ नयेत इतकी सारखी दिसतात. त्यामुळे जाती ठरवायची तर ब्लेड आणि सूक्ष्मदर्शक हाताशी हवेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत जमेल अशी पद्धत पुढे दिली आहे.

नावाची उतरंड

छेदात काय शोधायचे हे कळण्यासाठी वर्गीकरण आधी समजून घ्यावे, कारण त्यातली प्रत्येक पायरी शरीररचनेतल्या एखाद्या खुणेवर उभी आहे. ऱ्होडोफायटा हा विभाग म्हणजे लाल शैवाले. यांच्या पेशींना जीवनचक्राच्या कोणत्याही अवस्थेत कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे तंतू) नसतात, हरितलवकात फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य असते आणि साठवणीचा फ्लोरिडियन स्टार्च लवकाच्या बाहेर, पेशीद्रवात तयार होतो. त्याखाली फ्लोरिडिओफायसी हा वर्ग, त्यात ग्रॅसिलॅरिएलिस हा गण, ग्रॅसिलॅरिएसी हे कुल, ग्रॅसिलॅरिया ही प्रजाती आणि कॉर्टिकाटा ही जाती, असा क्रम लागतो.

या जातीचे पूर्ण नाव ग्रॅसिलॅरिया कॉर्टिकाटा (जे. अगार्ध) जे. अगार्ध असे लिहितात. कंसातला कर्ता आणि कंसाबाहेरचा कर्ता एकच आहे, आणि त्यामागे शिकण्यासारखी गोष्ट आहे. स्वीडनमधल्या लुंड येथील शैवालतज्ज्ञ याकोब गेऑर्ग अगार्ध यांनी १८४१ मध्ये हे शैवाल ऱ्होडिमेनिया या प्रजातीत घातले आणि १८५२ मध्ये स्वतःच ते ग्रॅसिलॅरियात हलवले. ग्रॅसिलॅरिया ही प्रजाती ग्रेव्हिल यांनी १८३० मध्येच मांडलेली होती. ऱ्होडिमेनियाचे कायकही (शैवालाचे संपूर्ण शरीर) चपटे असते आणि त्याच्याही गाभ्यात मोठाल्या पेशी असतात, त्यामुळे नुसता शाकीय (प्रजननाशी संबंध नसलेला) भाग पाहणाऱ्याला आजही या दोन प्रजाती एकमेकींच्या जागी दिसू शकतात. त्यांच्यातला निर्णायक फरक मादी शैवालावरच्या सिस्टोकार्पमध्ये, म्हणजे फलनानंतर बीजुके (नवे शैवाल रुजवणारे सूक्ष्म कण) जिथे पिकतात त्या फुगवट्यात, सापडतो.

गणाच्या पायरीवरही असेच घडले. ग्रॅसिलॅरिएसी हे कुल दीर्घकाळ जायगार्टिनेलिस या मोठ्या, काहीशा सरमिसळ झालेल्या गणात धरले जात होते. सुझान फ्रेडरिक आणि मॅक्स होमरसँड यांनी फलनानंतरच्या पेशींची वाटचाल बारकाईने तपासून १९८९ मध्ये ग्रॅसिलॅरिएलिस हा स्वतंत्र गण मांडला. या शैवालांत फलित कार्पोगोनियम (मादी प्रजनन पेशी) वेगळ्या साहाय्यक पेशीच्या मदतीवाचून आजूबाजूच्या पेशींशी एकरूप होते आणि तिथूनच बीजुके देणारी पुढची पिढी वाढू लागते. संपूर्ण गण वेगळा काढण्यास पुरेसा ठरलेला हा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या छेदांतूनच मिळाला होता.

भारतीय किनाऱ्यापुरते बोलायचे तर डेन्मार्कच्या फ्रेडरिक बॉर्गेसन यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील लाल शैवालांवर १९३०च्या दशकात लिहिलेले लेख आजही टेबलावर असावेत. एम. उमामहेश्वर राव यांनी १९७२ मध्ये भारताभोवतालच्या समुद्रांतील ग्रॅसिलॅरिएसी कुलाचा आढावा घेतला आणि कॉर्टिकाटाचा सिलिंड्रिका हा गोल फांद्यांचा प्रकारही वर्णिला. चपटेपणावर फार विसंबू नये, हे या एका प्रकारावरूनही लक्षात यावे.

नमुना गोळा करणे

आमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटी सर्वांत खोल जाते. कोकण किनाऱ्यावर त्या दिवसांतली ओहोटी साधारणपणे पहाटे ते सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी येते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, पाणी तळाशी जाण्याच्या तासभर आधी खडपावर पोचावे आणि उतरत्या पाण्यामागून खाली जावे. कातळावर कालवे बसलेली असतात आणि त्यांच्या कडा पातळ चपला सहज कापतात, म्हणून जाड तळाचे, घट्ट बसणारे बूट घालावेत. संकलनासाठी डिसेंबर ते मार्च हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण या दिवसांत पाणी स्वच्छ असते आणि वाढ भरलेली असते. मालवणजवळ काम करायचे असेल तर तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवून वन विभागाची परवानगी आधी घ्यावी.

झुपका वरच्या वर खुडू नये. तळाशी कातळाला घट्ट चिकटलेली लहान चकती असते, ती बोथट सुरीने हळूच सोडवून संपूर्ण कायक घ्यावे. कातळापासून फांद्या कशा उभ्या राहतात हे चकतीशिवाय कळत नाही. एका ठिकाणाहून मोजके नमुने घ्यावेत आणि बाकीचा झुपका शाबूत ठेवावा. मात्र ते नमुने निवडताना भिंग वापरावे. काही फांद्यांवर मोहरीच्या दाण्याएवढे, अर्धगोल फुगवटे दिसतात. तेच सिस्टोकार्प असून ते असलेले कायक मादी असते. ते मिळाले नाही तर दुसऱ्या डबक्यात, दुसऱ्या खडकावर शोधावे. सिस्टोकार्पचा एक नमुना दहा वांझ नमुन्यांपेक्षा मोलाचा असतो.

नमुने समुद्राच्याच पाण्यात, सावलीत, झाकणाच्या डब्यात न्यावेत. गोड्या पाण्यात ते ठेवले तर पेशी फुगतात आणि रंग निघून जातो. हे प्रयोग म्हणून एकदा करून पाहण्यासारखे आहे. फांदीचा एक तुकडा रात्रभर गोड्या पाण्यात ठेवावा. सकाळी पाणी गुलाबी झालेले दिसते, आणि ती कुपी उन्हात धरून बाजूने पाहिली तर त्या गुलाबी पाण्यात नारिंगी झाक चमकते. पाण्यात विरघळून बाहेर आलेल्या फायकोएरिथ्रिनचे ते स्फुरण असते. उरलेला तुकडा हिरवट दिसू लागतो, कारण त्यातले क्लोरोफिल पाण्यात विरघळत नाही. उथळ पाण्यात, कडक उन्हात वाढलेली लाल शैवाले पिवळट-हिरवट का दिसतात याचेही उत्तर इथेच मिळते : लाल रंगद्रव्य कमी झाले की खालचे हिरवे उघडे पडते. म्हणून खडपावर रंग हा पुरावा मानू नये.

जागेवरच वहीत नोंद करावी. तारीख, ठिकाण, भरतीरेषेपासूनची अंदाजे पातळी, खडक बेसॉल्टचा की जांभ्याचा, जागा लाटांपुढे उघडी की निवाऱ्याची, आणि ताज्या कायकाचा रंग व स्पर्श. वाळल्यावर यांपैकी निम्मे नाहीसे होते.

बाह्यरूप

प्रयोगशाळेत आल्यावर कायक पांढऱ्या ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यात पसरून वाळू, गोगलगायी आणि वर वाढलेली लहान शैवाले मऊ ब्रशने काढून टाकावीत. कॉर्टिकाटाचे कायक साधारण ५ ते १५ सेंटिमीटर उंच असते. एकाच चकतीवरून अनेक फांद्या निघतात, त्या चपट्या असतात आणि पुन्हापुन्हा दोन-दोन फाट्यांत विभागतात. कडांवरून काही वेळा लहान उपशाखा फुटतात. पोत कूर्चेसारखा घट्ट असतो, आणि फांदी वाकवली तर ती लवचीकपणे वाकून मोडते. फाट्यांमधला कोन, फांदीची रुंदी आणि टोकाचा आकार मोजून लिहावा. एकाच फांदीवर तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण तळाशी आणि टोकाशी रुंदी सारखी नसते.

छेद घेणे

ताज्या कायकाचा छेद सर्वांत चांगला येतो. लगेच जमत नसेल तर समुद्राच्या पाण्यात ४ टक्के फॉर्मॅलिन करून त्यात नमुना ठेवावा. हे काम हातमोजे घालून, खेळत्या हवेत करावे, कारण फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना व श्वासाला घातक असते. डबा अंधारात ठेवला तर रंग जास्त दिवस टिकतो.

गाजराच्या दंडगोल तुकड्याला मधोमध उभी चीर द्यावी, त्यात फांदीचा मधला भाग चीर पकडून धरील असा बसवावा, आणि गाजर व फांदी दोन्ही ओले ठेवून नव्या ब्लेडने आडवे, पातळ काप घ्यावेत. ब्लेड दाबू नये. ते एकाच दिशेने, स्वतःकडे हलके ओढत न्यावे. पेशीभित्तिकांत आगर असल्याने कापताना पृष्ठभाग निसरडा होतो आणि फांदी सरकते, म्हणून चीर घट्ट हवी. वीस-पंचवीस काप ताटलीतल्या पाण्यात सोडून त्यांतले सर्वांत पातळ, जवळजवळ पारदर्शक असे तीन-चार ब्रशने काचपट्टीवर घ्यावेत. सुरुवातीला काप जाड येतात, पण हात बसला की काम वेगाने होते.

रंगवण्यासाठी १ टक्का ॲनिलिन ब्ल्यू पुरे. काचपट्टीवर त्याचा थेंब टाकावा, काही मिनिटे थांबावे, जास्तीचा रंग पाण्याने काढावा, मग विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब द्यावा म्हणजे रंग पक्का बसतो. शेवटी ग्लिसरीन किंवा पातळ कॉर्न सिरप घालून वर आच्छादन-काच ठेवावी. कॉर्न सिरप हळूहळू घट्ट होते आणि काचपट्टी वर्षानुवर्षे टिकते. एक काप न रंगवता आयोडिनच्या थेंबात ठेवावा. फ्लोरिडियन स्टार्चचे कण तांबूस-तपकिरी ते जांभळट होतात, तर बटाट्याच्या स्टार्चला येतो तसा गडद निळा रंग इथे येत नाही.

छेद वाचणे

आधी कमी वर्धनाखाली संपूर्ण काप पाहावा. मध्ये मोठ्या, पातळ भित्तिकेच्या, जवळजवळ रंगहीन पेशींचा गाभा दिसतो, त्याला मेड्युला म्हणतात. बाहेरच्या बाजूला लहान, रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचे थर दिसतात, ते कॉर्टेक्स. मेड्युलाच्या पेशी बऱ्याचदा १०० मायक्रॉनच्या पुढे जातात, तर कॉर्टेक्सच्या सर्वांत बाहेरच्या पेशी काही मायक्रॉनच भरतात. मोठ्या पेशींपासून लहान पेशींपर्यंतचा बदल एकदम होतो की पायरीपायरीने, कॉर्टेक्सचे थर किती आहेत, आणि मेड्युलाच्या पेशींच्या भित्तिका किती जाड आहेत, ही तीन निरीक्षणे चित्र काढून नोंदवावीत. छायाचित्र घ्यावेच, पण चित्रही काढावे, कारण चित्र काढताना पाहणाऱ्याला प्रत्येक पेशीबद्दल निर्णय घ्यावा लागतो.

या टप्प्यावर पुष्कळशी भ्रामक साम्ये गळून पडतात. ग्रॅटेलूपियाचा गाभा सैल तंतूंचा असतो, मोठ्या पेशींचा नसतो. सोलिएरियाच्या गाभ्यातही तंतू दिसतात. हिप्नियाच्या छेदाच्या मध्यभागी एक वेगळी अक्षीय पेशी ओळखता येते. जेलिडियमच्या छेदात जाड भित्तिकेचे, अतिशय बारीक, चमकदार तंतू पेशींच्या मधून विखुरलेले दिसतात, आणि त्यांची आडवी तोंडे ठिपक्यांसारखी उठून येतात. ग्रॅसिलॅरियात यांपैकी काही नसते.

तरीही ऱ्होडिमेनिया उरतेच, कारण तिचा गाभाही मोठ्या पेशींचा असतो. शिवाय ग्रॅसिलॅरियाच्या इतर जातीही याच रचनेच्या असतात. आता उच्च वर्धनाखाली मेड्युलाच्या दोन पेशींमधली भिंत पाहावी. तिच्यात एक लहान, रंग घेतलेली गुठळी दोन्ही पेशींना जोडताना दिसते. ही गर्तजोड फ्लोरिडिओफायसींची ठळक खूण होय. विभाजनातून निर्माण झालेल्या पेशी तिने जोडलेल्या असतातच, शिवाय शेजारच्या पेशींमध्ये नंतरही अशा जोडण्या तयार होतात, आणि म्हणून मुळात तंतूंनी बनलेले हे शरीर छेदात सलग ऊतीसारखे दिसते. फांदीच्या टोकाचा पातळ उभा छेद मिळाला तर वाढीची एकच अग्रपेशी पाहायला मिळते. हा छेद कठीण आहे, पण वाढ कुठून सुरू होते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की वरचे वाक्य नुसते पाठ करावे लागत नाही.

सिस्टोकार्प, बीजुकधान्या आणि नर कायक

ग्रॅसिलॅरियासारख्या लाल शैवालांच्या जीवनचक्रात तीन अवस्था असतात. युग्मकधारी (प्रजनन पेशी देणारी) नर व मादी कायके वेगळी असतात. फलनानंतर मादीवरच कार्पोस्पोरोफाइट (बीजुके देणारी पुढची पिढी) वाढते, जे सिस्टोकार्पच्या आत बंदिस्त असते. त्यातून सुटलेली बीजुके रुजून टेट्रास्पोरोफाइट, म्हणजे चार-चार बीजुके देणारे स्वतंत्र कायक, होते. ग्रॅसिलॅरियात युग्मकधारी आणि टेट्रास्पोरोफाइट बाहेरून सारखीच दिसतात, त्यामुळे कोणती अवस्था हाती आली आहे हे छेद घेतल्यावरच कळते.

सिस्टोकार्पचा छेद त्याच्या नेमक्या मध्यातून, वरच्या छिद्रातून जाणारा हवा. त्यासाठी फुगवटा एका बाजूने कापायला लागावे, प्रत्येक काप क्रमाने काचपट्टीवर ठेवावा आणि छिद्र दिसणारा काप सापडला की त्याच्या मागचे-पुढचे कापही जपावेत. त्या मधल्या कापात बाहेर अनेक थरांची भिंत, म्हणजे पेरिकार्प, आणि आत तळाशी पेशींचा पुंजका दिसतो. पुंजक्याच्या बाहेरच्या कडेला कार्पोबीजुकांच्या रांगा पिकत असतात. पुंजक्यापासून निघून पेरिकार्पमध्ये किंवा तळाच्या ऊतीत शिरणाऱ्या लांबट, नळीसारख्या पोषक पेशी दिसतात का, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्या दिसल्या तर ग्रॅसिलॅरियाचा पुरावा बळकट होतो. ऱ्होडिमेनियाच्या सिस्टोकार्पमध्ये त्या नसतात, आणि डॉसन यांनी १९४९ मध्ये वेगळी काढलेल्या ग्रॅसिलॅरिऑप्सिस या जवळच्या प्रजातीतही त्या नसतात. अगार्ध यांनी १८५२ मध्ये ज्या ठिकाणी हे शैवाल हलवले, ते योग्य होते हे आजचा विद्यार्थी याच एका कापातून स्वतः पडताळून पाहू शकतो.

टेट्रास्पोरोफाइटच्या कॉर्टेक्समध्ये विखुरलेल्या बीजुकधान्या आडव्या छेदात आणि पृष्ठभागावरून, दोन्ही रीतींनी पाहाव्यात. त्या अंडाकृती असतात, आतील चार बीजुके अधिकचिन्हाच्या आकारात विभागलेली असतात. पृष्ठभागावरून पाहताना त्या कॉर्टेक्सच्या पेशींमध्ये गडद ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या दिसतात.

नर कायक शोधणे कष्टाचे आहे, कारण त्यावर बाहेरून डोळ्यांत भरेल असे काही नसते. फार तर पृष्ठभाग थोडा फिकट वाटतो. तरीही ते शोधावे. जपानचे हिरोतोशी यामामोतो यांनी १९७०च्या दशकात स्पर्मॅटँजियमच्या (नर प्रजनन पेशी तयार करणाऱ्या अवयवाच्या) मांडणीवरून ग्रॅसिलॅरियाचे उपविभाग केले. काही जातींत स्पर्मॅटँजिया पृष्ठभागावर सपाट पसरलेले असतात, काहींत उथळ खळग्यांत, तर काहींत खोल, मडक्यासारख्या पोकळ्यांत, आणि काही वेळा अनेक पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. आपल्या नमुन्यात यांपैकी काय दिसते, पोकळी असल्यास ती किती खोल आहे आणि तिच्यात स्पर्मॅटँजिया तळाशीच आहेत की बाजूंनीही, हे मोजमापासह लिहावे. एकाच नर कायकाच्या वेगवेगळ्या वयाच्या भागांत खळगे कमी-अधिक खोल असू शकतात, म्हणून एकाच छेदावरून प्रकार ठरवू नये.

नाव देणे आणि नमुना जपणे

शाकीय छेद, सिस्टोकार्प आणि शक्य तर नर कायक यांच्या नोंदी जुळल्यावरच वर्णनाशी ताळा करावा. सिस्टोकार्प नसलेल्या नमुन्यावर 'ग्रॅसिलॅरिया, जाती अनिश्चित' असे स्पष्ट लिहावे. ही नोंद कमीपणाची नाही, तिच्यावर पुढचा अभ्यासक विश्वास ठेवू शकतो. डीएनए तपासणीची सोय असेल तर फांदीचे ताजे, स्वच्छ टोक सिलिका जेलमध्ये लगेच वाळवावे, कारण फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीतून चांगला डीएनए मिळणे अवघड जाते. लाल शैवालांसाठी हरितलवकातील आरबीसीएल आणि तंतुकणिकेतील सीओएक्स-१ हे जनुकतुकडे सर्रास वापरले जातात. मात्र एखाद्या जनुकक्रमाचे मोल त्या क्रमासोबत ठेवलेल्या नमुन्याएवढेच असते. नमुना नसेल तर त्या क्रमाचे नाव पुन्हा कुणाला तपासता येत नाही.

हर्बेरियमचे (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचे) पत्रक करताना जाड, पांढरा, आम्लविरहित कागद ट्रेमधल्या समुद्रपाण्यात कायकाखाली सरकवावा, फांद्या ब्रशने मोकळ्या पसराव्यात, मग कागद एका कोपऱ्यापासून तिरका उचलत पाणी निथळू द्यावे. वर मलमलीचा तुकडा, त्यावर टीपकागद ठेवून दाबात ठेवावे आणि टीपकागद रोज बदलावा. कायकातले आगर वाळताना त्याला कागदाला धरून ठेवते, त्यामुळे गोंद क्वचितच लागतो. पत्रकावर संकलनाची तारीख, ठिकाण, पातळी, संकलकाचे नाव आणि क्रमांक लिहावा. हाच क्रमांक काचपट्टीवर, छेदाच्या चित्रावर, सिलिकाच्या पुडीवर आणि छायाचित्राच्या नावात यावा, आणि काचपट्ट्या पत्रकाशेजारी एकाच कपाटात ठेवाव्यात.